खात नाही, लावते

"आई, जरा इकडं या. गंमत दाखवते," केतकीनं स्वयंपाकघरातून हाक मारली.

केतकी माझी सून. इथंच सांगलीत एका प्रयोगशाळेत ती नवनवीन पदार्थ तयार करते. तिला ज्यात गंमत वाटते त्यातलं बाकीच्यांना ओ की ठो कळत नाही. संग्राम, म्हणजे माझा लेक, बायको बोलायला लागली की जांभया देतो. पण मी उभा जन्म प्राथमिक शाळेत मुलांना शिकवलेली बाई. त्यामुळं घरात तिचं ऐकून घेणारी मी एकटीच.

ओट्यावर पाण्याचा ग्लास होता आणि त्यात सब्जाचं बी टाकलेलं. बी फुगलं होतं, प्रत्येक दाण्याभोवती पांढरट बुळबुळीत गोळा.

"हे काय, फालुदा करतेस?"

"नाही हो. हे बघा, कोरडं असताना एवढंसं. पाणी प्यायलं की केवढं! आता समजा, या बियाच्या पोटात औषध भरून ठेवलं. कोरडं आहे तोवर ते आत अडकलेलं. फुगायला लागलं की फटी पडतात आणि औषध हळूहळू बाहेर येतं. माझी पट्टी अगदी असंच करते."

तिनं पर्समधून एक पाकीट काढलं. आतून निघाला नखाएवढा पांढरा तुकडा, कागदाहून पातळ. मी उजेडात धरून बघितला. कापड म्हणावं तर वीण दिसेना.

"दिसणार नाही. केसाहून शेकडोपट बारीक तंतू आहेत त्यात," ती म्हणाली. "एका सुईतून पाकासारखं द्रावण सोडायचं आणि सुईला हजारो व्होल्टचा दाब द्यायचा. मग थेंब गळतच नाही. तो ताणला जातो, हवेतच वाळतो आणि तंतू होऊन समोरच्या फिरत्या नळकांड्यावर गुंडाळला जातो."

"म्हणजे जत्रेतले म्हातारीचे केस."

"अगदी तसंच! फक्त साखरेच्या जागी पॉलिमर आणि आत इन्सुलिन. गालाला आतून चिकटवायची. थुंकीनं तंतू भिजतात, फुगतात, आणि दिवसभर थोडं थोडं इन्सुलिन गालाच्या त्वचेतून रक्तात जातं. फुगवणं सोपं असतं आई. मापात फुगवणं अवघड."

माझ्या पोटाची इन्सुलिनच्या सुयांनी चाळण झाली होती. नखाएवढ्या तुकड्यानं त्या सुया बंद होणार म्हटल्यावर मला तर तिथल्या तिथं तिची दृष्ट काढावीशी वाटली. नावसुद्धा मीच ठेवलं, गालपट्टी. प्रयोगशाळेत त्याचं लांबलचक इंग्रजी नाव होतं, पण पुढं सगळे गालपट्टीच म्हणायला लागले. मला त्याचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू.

केतकीला हे वेड लागलं ते तिच्या आईमुळं. त्या बाई इन्सुलिन टोचायला विसरायच्या आणि विसरले हे कुणाला सांगायच्या नाहीत. विचारलं की म्हणायच्या, घेतलं. आधी दृष्टी गेली, मग पाय गेला, मग आईच गेली. "माणसाच्या आठवणीवर आणि खरेपणावर औषध अवलंबून नसावं," असं केतकी एकदा म्हणाली होती. मी तेव्हा मान डोलावली होती.

माणसांवरची चाचणी सुरू झाली तेव्हा मी हट्टच धरला. घरच्या माणसाला घेता येत नाही, नियम असतात, असं ती सांगत होती. शेवटी चाचणी केंद्रावरच्या डॉ. मगदूमांनी नैतिक समितीची खास परवानगी काढली. माझ्या तपासण्या तेच करणार, केतकीचा त्यात हात नाही, अशा अटीवर मला घेतलं.

केंद्रावर नावनोंदणीला गेले तर माणूस नाहीच. टेबलावर एक पडदा आणि त्यातून गोड आवाजात मराठी बोलणारं यंत्र. उच्चार स्वच्छ होते, मला आवडलं. वय, वजन, आजार सगळं विचारून झालं.

"आपण तंबाखू खाता का?"

"नाही," मी म्हटलं.

"आपण विडी किंवा सिगारेट ओढता का?"

"नाही."

"धन्यवाद, शालनताई."

आता सांगायला हवं. तेव्हा मी मिश्री लावायची. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, कुटायची, वस्त्रगाळ करायची आणि बोटानं हिरड्यांना घासायची. माझी आई लावायची, आजी लावायची. मी लग्नाआधीच लावायला लागले. माझ्या मिश्रीत मी भाजतानाच चिमूटभर चुना घालायची, त्यानं जरा चरचरीत व्हायची. ह्यांना, म्हणजे माझ्या मालकांना, तेवढं माहीत होतं. ते गेले आणि मग कुणालाच माहीत नव्हतं. मिश्री एका जुन्या कुंकवाच्या करंड्यात, करंडा न्हाणीत धुण्याच्या सोड्याच्या डब्यामागं.

लपवायचं कारण दिवाणखान्यात भिंतीवर टांगलेलं होतं. तंबाखूमुक्त शाळा म्हणून जिल्ह्यात आमच्या शाळेचा पहिला नंबर आला होता. ढालीवर माझं नाव आहे. शाळेच्या पटांगणात पोरांना हात पुढं करून शपथ घ्यायला लावणारी मीच, मोहिते बाई. शपथ दिली की ऑफिसच्या मागं जाऊन चूळ भरायची.

पण यंत्राला मी खोटं सांगितलं नव्हतं, असं मला मनापासून वाटत होतं. मराठीत तंबाखू खातात, विडी ओढतात, मिश्री लावतात. मला विचारलं खाता का. मी खात नाही. क्रियापद चुकलं ते यंत्राचं, मी काय करू?

बाहेर बाकावर एक बाई बसली होती. हिरवं लुगडं, कपाळभर कुंकू, पायात प्लास्टिकच्या चपला. विट्याकडच्या कुठल्याशा गावाहून आली होती. मी शेजारी बसले आणि तिनं नाक फेंदारून वास घेतला.

"बाई, लावता वाटतं?" ती हळूच म्हणाली.

मी चपापले. मग तिचे हिरड्यांशी काळे पडलेले दात दिसले आणि मला हसू फुटलं. किती वर्षांनी कुणीतरी मला ओळखलं होतं! तिचं नाव बायडाक्का लोहार. पाण्याच्या टाकीमागं जाऊन आम्ही दोघींनी माझ्या पर्समधल्या पुडीतली चिमूट चिमूट मिश्री लावली. शाळेतल्या पोरी चिंचा खातात तशा लपून.

"आगं आई! काय झ्याक लागतीया. काय घालता हो हिच्यात?"

"भाजताना चुना घालते थोडा."

"माझी संपली का मी बी तशीच करीन." मग तिचा चेहरा उतरला. "पन बाई, ती आतली बया तंबाखूचं इचारतीया म्हनं. न्हाई म्हनलं तर खोटं, आन् हो म्हनलं तर हाकलून देत्यात. सुया टोचून टोचून जीव नकोसा झालाय बगा."

आणि मी, मी शहाणीनं तिला शिकवलं. "खाता का असं विचारते ती. आपण खातो का?"

"न्हाई."

"मग म्हणा की. आपण खात नाही, आपण लावतो."

"खात न्हाई, आपन लावतो," तिनं म्हणून बघितलं. दोन्ही हात तोंडावर घेऊन ती खदखदून हसली. "लई हुशार हायसा बाई!"

तिला आत बोलावलं. बाहेर आली ती डोळे मिचकावत. मला भारी वाटलं. निवृत्त झाल्यावर कुणाला काही शिकवल्याचा आनंद पहिल्यांदाच झाला होता.

गालपट्टीनं खरोखर जादू केली. सकाळी दात घासून नवी पट्टी लावायची, की दिवसभर विसरून जायचं. मनगटावर साखर दाखवणारा पट्टा असे, तो दर थोड्या वेळानं केंद्राला आकडे पाठवायचा आणि साखर फार उतरली तर घरच्यांच्या फोनवर इशारा द्यायचा. आकडे असे सरळ की डॉ. मगदूम खूश. बायडाक्काचा अधूनमधून फोन यायचा. "बाई, म्या तर शेतात बी इसरून जाते, मला साखर हाय म्हनून!" केतकी संध्याकाळी घरी आली की माझ्या गालाला हात लावून म्हणायची, "काय म्हणतंय माझं लेकरू?" मी म्हणायची, "लेकरू गुणाचं आहे."

सकाळची मिश्री मी पट्टी लावायच्या आधी उरकायची, खळखळून चूळ भरायची. दुपारची मात्र पट्टीसाठी सोडली होती. मग एके दिवशी दुपारी जुन्या शाळेतून फोन आला. तंबाखूविरोधी दिनाला बोलायला याल का, आजच्या मुलांना तुमच्यासारख्यांची गरज आहे. मी हो म्हटलं. फोन ठेवला आणि अशी तलफ आली की राहवेना. पट्टी डाव्या गालात होती. म्हणून मी मिश्री उजवीकडं लावली, एवढी अक्कल मी वापरली.

थोड्या वेळानं दरदरून घाम फुटला. हात थरथरायला लागले. न्हाणीची कडी कशीबशी काढली, भिंत हलते आहे असं वाटलं, आणि मग काही आठवत नाही.

डोळे उघडले तर मी पलंगावर आणि तोंडात गोड चव. केतकी माझ्या हिरड्यांवर मधाचं बोट फिरवत होती. ज्या हिरड्यांवर मी मिश्री फिरवली होती, त्याच. मनगटावरच्या पट्ट्यानं तिच्या फोनवर आरडाओरडा केला होता. ती प्रयोगशाळेतून तशीच रबरी चपलांवर धावत आली होती. लाळ वाहून गेली असावी, तोंड तिनं पुसलं असावं. तिला वास आला नाही. करंडा सोड्याच्या डब्यामागं जागच्या जागी होता.

तिच्या दुसऱ्या हातात पट्टी होती. कागदाहून पातळ असलेली ती पट्टी खोबऱ्याच्या कापाएवढी जाड फुगली होती.

"दिवसभराचं सगळं औषध एकदम सुटलं," केतकी म्हणाली. तिचा आवाज फुटला. "आई, मी तुम्हाला मारून टाकलं असतं. मी, माझ्या हातानं."

"तसं काही नाही गं," मी म्हटलं. यापुढं बोलायला हवं होतं. मी पाणी मागितलं.

पुढचे दिवस घराला सुतक आल्यासारखे गेले. केतकी जेवेना. स्वयंपाकघरात वाट्या मांडून तिनं चिंचेचं पाणी, आंबट ताक, गरम चहा, लसणीची चटणी, सगळ्यांत पट्ट्या बुडवून बघितल्या. एकही तशी फुगली नाही. डॉ. मगदूमांनी नवीन पट्ट्या देणं थांबवलं होतं. कारण सापडलं नाही तर चाचणी कायमची बंद करू, असं त्यांनी सांगितलं होतं.

"आई, त्या दिवशी काय काय खाल्लं होतं तुम्ही? पुन्हा एकदा आठवा."

"भाकरी, वांग्याचं भरीत, दही, थोडा भात," मी सांगितलं. सगळं खरं. खाल्लेलं तेवढंच.

ती कपाळाला हात लावून बसली. "यात कशानंच होणार नाही. तंतूच्या साखळीवर मी जागोजागी आम्लाचे बारीक गट बसवलेत. साध्या थुंकीत त्यातले थोडे गट भारित होतात, तंतू मापात फुगतो. आंबट खाल्लं तर उलट आकसतो. पण तोंडात अल्कली आली, तर सगळेच्या सगळे गट एकदम ऋणभारित होतात. सारखे भार एकमेकांना ढकलतात, साखळ्या फाकतात, पाणी आत घुसतं. तसंच झालंय हे. पण अल्कली आली कुठून? पानतंबाखू खाणारे, चुना खाणारे, म्हणून तर मी एकालाही घेतलं नाही!"

मला लख्ख कळलं. चुना. माझा चरचरीत, चिमूटभर चुना.

केतकी माझ्याकडं बघत होती. तिचे डोळे रडून लाल झालेले. त्या वेळी करंडा आणून पुढं ठेवला असता तर एवढ्यावर भागलं असतं. पण मला ती ढाल दिसली, पटांगण दिसलं, संग्रामचं तोंड दिसलं. आणि माझ्या तोंडून निघालं, "लाट्या!"

"काय?"

"पापडाच्या लाट्या. शेजारच्या कुलकर्णी वहिनींकडं पापड लाटत होते. त्यांनी वाटीभर दिल्या, मी येताजाता खाल्ल्या. त्यात पापडखार असतो की नाही? पापडखार अल्कलीच ना?"

खाल्ल्या, असं मी म्हणाले. आता मात्र क्रियापदाच्या आडून नाही, सरळसरळ खोटं.

केतकीनं मला मिठी मारली. ती कधी कुणाला मिठी मारत नाही. "आई! अहो, आधी का नाही सांगितलंत?" ती हसत होती, रडत होती. पापडखाराच्या पाण्यात पट्टी घातली तर ती फुगली, फुगणारच होती. तिनं डॉ. मगदूमांना फोन केला. समितीनं मान्य केलं. चाचणीतल्या सगळ्यांना निरोप गेला, पट्टी असताना लाट्या आणि पापडखाराचे पदार्थ खाऊ नका. पट्ट्या पुन्हा सुरू झाल्या. संग्रामनं पेढे आणले. मी अर्धा पेढा खाल्ला, उरलेला तसाच ठेवला.

मिश्री मी सोडली. करंडा धुतला नाही, फेकलाही नाही, पण हात लावला नाही. मनाची समजूत घातली की माझं मिटलं. मग बायडाक्का आठवली. तिच्या मिश्रीत चुना नसतो, असं मी स्वतःला सांगितलं. पण "माझी संपली का तशीच करीन" हेही तिनंच म्हटलेलं, आणि तेही माझ्या कानात होतं. मी फोन लावला.

"बोला बाई!" मागं भांड्यांचा आवाज, पोरांचा गलका. "आवं, समदी हितंच बसल्यात. सून म्हनती तुमच्या बाईंचा आवाज आमाला बी ऐकू द्या." तिनं फोन सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला होता.

"बायडाक्का, ते... पट्टी असताना..." मी अडखळले. तिच्याही घरात कुणाला माहीत नसेल तर? माझं नाव तिनं घेतलं तर? "ते लाट्यांचं कळलं ना? लाट्या खाऊ नका बरं का."

"न्हाई खात बाई. आमच्यात कोन करतंय पापड!"

फोन ठेवला. पुन्हा लावायचा, एकटी असेल तेव्हा लावायचा, असं ठरवलं. आज करू, उद्या करू, असं चाललं होतं.

भुईमूग काढताना बायडाक्का शेतात पडली. मनगटाचा पट्टा तिनं मातीत खराब होईल म्हणून काढून घरी ठेवला होता. बांधाच्या सावलीला झोपलीय असं बाकीच्यांना वाटलं. उठेना तेव्हा धावाधाव झाली. सांगलीला आणेपर्यंत मेंदूला फार वेळ साखर मिळाली नव्हती.

त्या संध्याकाळी केतकी घरी आली आणि दारातच खाली बसली. चपलासुद्धा काढल्या नाहीत.

"तिनं लाट्या खाल्ल्या नव्हत्या आई. तिच्या घरी पापड करतच नाहीत. म्हणजे माझंच काहीतरी चुकलंय. पट्टीच चुकलीय. मी उद्या समितीपुढं जाऊन सगळं बंद करतेय. ती जगेल की नाही, माहीत नाही. मी माझ्या आईला वाचवायला म्हणून हे केलं, आणि कुणाच्या तरी आईला..."

संग्राम पाणी घेऊन आला. मी उठले. न्हाणीत गेले, सोड्याचा डबा बाजूला केला आणि करंडा आणून केतकीच्या पुढ्यात फरशीवर ठेवला.

"हे काय?"

"मिश्री. माझी आहे. चुना घालून केलेली. त्या दिवशी मी लावली होती. लाट्या खाल्ल्या नव्हत्या. बायडाक्कानं माझीच बघून केली असणार."

संग्राम म्हणाला, "आई, काहीतरी काय? तू आणि मिश्री?"

केतकीनं करंडा उघडला. ती उठली, वाटीत थोडं पाणी घेतलं, त्यात चिमूटभर मिश्री टाकली, पर्समधून एक पट्टी काढली आणि सोडली. आम्ही तिघं फरशीवर बसून वाटीत बघत राहिलो. पट्टी काळपट पाणी प्यायली आणि आमच्या डोळ्यांदेखत फुगत फुगत गेली.

"मी विचारलं होतं," केतकी अगदी हळू म्हणाली. "यंत्रानं विचारलं होतं तुम्हाला."

"खाता का, असं विचारलं होतं. लावता का, असं नाही."

"आई!" ती इतक्या जोरात ओरडली की संग्राम दचकला. "आत्ता मला व्याकरण शिकवू नका! तुम्हाला कळत नव्हतं? तुम्हाला? पोरांना शपथा देत होतात तुम्ही! तेव्हा लपवलंत ते लपवलंत. पण मी समोर रडत होते, दिवसेंदिवस वाट्या मांडून बसत होते, तेव्हा लाट्या आठवल्या तुम्हाला?"

"चुकलं माझं."

"माझी आई पण असंच करायची. तिनं लपवलं त्यात तीच गेली." ती वाटीकडं बघत होती. "तुम्ही लपवलंत त्यात दुसरी जातेय."

तिनं तिथूनच डॉ. मगदूमांना फोन लावला. मी सगळं सांगितलं, पाण्याच्या टाकीमागचंसुद्धा. मग त्यांनी सगळ्यांच्या पट्ट्या ताबडतोब काढायला सांगितल्या. चौकशी केली तर आणखी पुष्कळ बायका निघाल्या, कुणी मिश्री लावणारी, कुणी तपकीर दाताला घासणारी. प्रत्येकीनं यंत्राला नाही असंच सांगितलं होतं. काहींना तर तो तंबाखू आहे हेच ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं.

ढाल मी भिंतीवरून उतरवली. शाळेत भाषणाला गेले नाही. केतकी माझ्याशी बोलते, औषध घेतलंत का, जेवलात का, एवढंच. मी घेतलं म्हटलं की ती आता माझ्या हातातलं पाकीट बघते. मला वाईट वाटतं, पण तिला मी कुठल्या तोंडानं काही म्हणू?

बायडाक्का जगली. हातपाय चालायला लागले, पण शब्द गेले. समोर पाण्याचा तांब्या असला तरी तिला पाणी म्हणता येत नव्हतं. वाचा शिकवणारी एक मुलगी रुग्णालयात यायची. ती म्हणाली, कुणीतरी रोज बसून पहिलीच्या पोराला शिकवतात तसं शिकवलं तर थोडं येईल परत. मी म्हटलं, मी बसते. पहिलीचा वर्ग मी कितीदा घेतला होता.

रोज दुपारी मी तिच्या खाटेशी बसते. तिला काही आठवत नाही. मी कोण, कुठली, टाकीमागं काय झालं, काहीच नाही. तिच्या सुनेला मी सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि सासूचे केस विंचरत राहिली. मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. आता मी गेले की ती माझ्यासाठी स्टूल सरकवते आणि खिडकीकडं तोंड करून बसते.

"पाणी," मी म्हणते.

"पा... नी."

"शाब्बास! गाय."

"गाय." आणि मग बायडाक्का माझ्याकडं बघते, शाब्बास म्हणायची वाट बघत. लहान पोरं बघतात ना, तशी.

परवा डॉ. मगदूम आणि केतकी दोघं तिथं आले. चाचणी पुन्हा सुरू होणार होती, नव्या प्रश्नांसकट. जुन्या सगळ्यांची माहिती नव्यानं घ्यायची होती. बायडाक्काचीही घ्यायची, पण तिच्या वतीनं सून उत्तरं देईल, असं ठरलं होतं. केतकीनं पडदा खाटेवर ठेवला. नवा प्रश्न तिनं स्वतः लिहिला होता आणि तिनं मला एका शब्दानं विचारलं नव्हतं.

गोड आवाज आला. "आपण तंबाखू किंवा मिश्री खाता, ओढता किंवा लावता का?"

सून उत्तर द्यायला पुढं सरकली. तेवढ्यात बायडाक्का खाटेवर नीट होऊन बसली. तिचे ओठ हलले. इतके दिवस तीन शब्द एकापुढं एक तिला जुळवता आले नव्हते. केतकीनं सुनेला हातानं थांबवलं. आम्ही सगळे तिच्या तोंडाकडं बघत राहिलो.

"खात न्हाई," बायडाक्का म्हणाली. स्पष्ट, न अडखळता. "आपन... लावतो."

तिला घर आठवत नव्हतं, नवऱ्याचं नाव आठवत नव्हतं. माझा धडा तेवढा राहिला होता.

बायडाक्का माझ्याकडं वळली, तोंडभर हसली आणि मी शाब्बास म्हणायची वाट बघत बसली.